खालच्या भिंगावरचं गुलाबी झाकण

समुद्रपूरच्या बस स्टँडसमोर ‘कोकिळा फोटो स्टुडिओ’ अशी पाटी लागली ती चौऱ्याहत्तर साली. पाटीवर बायकोचं नाव घातलं म्हणून चंद्रभान उगेमुगेची गावात बरीच थट्टा झाली. पहिलं वर्षभर लोक त्याला चंद्रभान म्हणतच नसत, ‘कोकिळाबाईचे फोटोवाले’ म्हणत. तोही हसून सांगायचा, नाव तिचं आहे, चुका माझ्या.

दुकान म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत स्टूल, आरसा, कंगवा, पावडरीचा डबा आणि भिंतभर पडदा. पडद्यावर हिंगणघाटच्या एका पेंटरने तळं रंगवलं होतं. तळ्यात दोन हंस होते आणि त्यातला एक जरा बदकाच्या वळणावर गेला होता. तालुक्यातल्या किती तरी संसारांचा पहिला फोटो त्या तळ्याकाठी निघाला. नवरा खुर्चीत, मनगटावरचं घड्याळ दिसेल असा हात मांडीवर. नवरी शेजारी उभी, डोईवर पदर. कापूस विकून परतणारे लोक नवा ट्रान्झिस्टर काखेत धरून यायचे आणि तो फोटोत पूर्ण आला पाहिजे, एरियलसकट, असं बजावायचे. आतली खोली अंधारी. तिथे फिल्म धुवायची, कागदावर छापायची, आणि ओले फोटो मागच्या अंगणात दोरीला चिमट्यांनी लटकवायचे. ते काम कोकिळेचं. शेजारणींची लुगडी एका दोरीवर आणि नवरा-नवरी दुसऱ्या दोरीवर, असं ते अंगण होतं.

चंद्रभान मूळचा आंजीचा, मोठ्या आंजीचा. घरी शेती, तीन भाऊ, हा धाकटा. औतामागे चालता चालता हा तास सोडून भलतीकडेच पाहत राहायचा, म्हणून बापाने त्याला हिंगणघाटला वासुदेवरावांच्या स्टुडिओत नेऊन बसवलं. वासुदेवराव म्हातारे, दमेकरी आणि कामाला चोख. त्यांनी त्याला आधी झाडू मारायला लावला, मग फिल्म धुवायचं औषध, हायपो, कालवायला, आणि शेवटी दोन डोळ्यांच्या यशिका कॅमेऱ्याला हात लावू दिला.

या कॅमेऱ्याची रीत समजून घेतली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्याला एकावर एक अशी दोन भिंगं. कॅमेरा गळ्यात अडकवून पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. तिथे समोरचं चित्र दिसतं ते वरच्या भिंगातून. फिल्मवर उमटतं ते मात्र खालच्या भिंगातून. म्हणजे बघणारा डोळा वेगळा आणि फोटो काढणारा डोळा वेगळा. वासुदेवराव शिकवताना म्हणायचे, “मान खाली घालून फोकस लाव. मंग मान वर कर, समोरच्या मानसाशी बोल, अन् तो आयकाले लागला का बटन दाबजो. हसा म्हनून कोनाले सांगू नको. सांगतल्यावर हसते तो दात दाखवते.”

चंद्रभानने हे मनाशी पक्कं धरलं. समुद्रपूरला आल्यावर त्याचं नाव झालं ते याच्याचमुळे. समोर ताठ बसलेल्या शेतकऱ्याला तो मान वर करून विचारायचा, तुमच्या जोडीतला खोडकर बैल कोणता? बैलाचं नाव ओठांवर आलं की माणसाचा चेहरा सैल पडायचा आणि नेमकं तेव्हा बटण दाबलं जायचं. म्हाताऱ्यांना तो माहेरचं गाव विचारी. सासरला निघालेल्या पोरींना काही विचारत नसे, नुसता कोकिळेकडे बघून चहा टाकायला सांगे. दुकानात चहा येणार म्हटल्यावर पोरगी जरा घरच्यासारखी बसायची.

मग काम वाढलं. बँकेला फोटो लागू लागला, परीक्षेच्या अर्जाला लागू लागला, आणि लग्नात फोटोवाला नसेल तर मांडव उघडा वाटू लागला. वैशाखात एका दिवशी दोन-दोन लग्नं. सकाळी एका गावची हळद, संध्याकाळी दुसऱ्या गावची अक्षता, मधे एस.टी., बैलगाडी, कुणाच्या तरी सायकलचं कॅरिअर. चंद्रभान नाही कुणालाच म्हणेना. हळूहळू त्याच्या तोंडी दोनच वाक्यं उरली. “इकडे पाहा. हलू नका.” मान खाली ती खालीच. दुकानात गिऱ्हाईक आलं की तो आधी स्टुलाकडे बोट दाखवायचा आणि मग तोंडाकडे बघायचा, आणि कधीकधी बघायचाच नाही.

कोकिळेला हे दोरीवर दिसायला लागलं. एके दिवशी ती फोटो लटकवता लटकवता म्हणाली, “अहो, या तीन नवऱ्या बहिनी बहिनी हायेत काय?” तीन वेगळ्या गावच्या, तीन वेगळ्या जातींच्या पोरी होत्या त्या. तिघींची मान एकाच कोनात, तिघींचे डोळे एकाच जागी. चंद्रभानने नुसतं हूं केलं आणि तो आत गेला.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात तो म्हणायला लागला की आता बस. कोकिळेचा भाऊ बबनराव हिंगणघाटला एका जिनिंगमध्ये मुकादम होता. कापसाच्या गाठींची नोंद ठेवायला त्याला भरवशाचा माणूस हवा होता. लग्नसराई उरकली की कॅमेरा विकून तिकडे रुजू होतो, असं चंद्रभानने त्याला कळवलंही. गाठींना निदान चेहरे नसतात, असं तो बायकोला म्हणाला. त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं.

सराईतलं शेवटचं मोठं लग्न होतं त्याच्याच गावचं, आंजीचं. पुंडलिकराव हे त्याच्या वडिलांच्या बरोबरीचे, बांधाला बांध लागून शेत. त्यांची मुलगी नलू. पुंडलिकरावांनी वर्ध्याचा फोटोवाला नको म्हटलं, आपल्या गावचा पोरगा आहे, तोच येईल. चंद्रभान आदल्या दिवशीचं एक लग्न उरकून, डोळ्याला डोळा न लागता, हळदीच्या वेळेला पोचला.

आता झाकणाविषयी. कॅमेऱ्याच्या दोन्ही भिंगांवर बसणारं मूळचं झाकण कधीच तुटलं होतं. कोकिळेने आपल्या क्रीमच्या डबीचं गुलाबी झाकण घेऊन त्याला आतून मखमलीची पट्टी चिकटवली, ते खालच्या भिंगावर घट्ट बसायचं. डबी एकच होती, म्हणून झाकणही एकच. वरच्या भिंगावर धूळ बसली तरी फोटोला काही होत नाही, त्यामुळे तेवढ्यावर भागत होतं. हळद खेळताना पोरांनी धुमाकूळ घातला तेव्हा चंद्रभानने हळदीचे फोटो काढून होताच झाकण लावलं. मग पंगत झाली. मग नवरदेव मारुतीच्या देवळापासून निघाल्याची वर्दी आली आणि तो कॅमेरा घेऊन धावला.

वरच्या काचेत सगळं लख्ख दिसत होतं. अंतरपाट, अक्षता, हार, सप्तपदी. फ्लॅश उडत होता. शेवटी दोन्हीकडच्या खानदानाचा एकत्र फोटो झाला. म्हातारी माणसं खुर्च्यांवर, पोरं सतरंजीवर, बायका मागे बाकावर उभ्या. चंद्रभान मान खाली घालून म्हणाला, इकडे पाहा, हलू नका. सगळं खानदान श्वास रोखून कॅमेऱ्याकडे बघत राहिलं.

समुद्रपूरला परतल्यावर त्याने रोल धुवायला घेतले. हळदीचा रोल छान आला. बाकीचे हायपोतून बाहेर काढले आणि तो बघतच राहिला. फिल्म काचेसारखी स्वच्छ होती. पहिल्यांदा त्याला औषधावर शंका आली, पण फिल्मच्या कडेला कंपनीचं नाव आणि आकडे ठसठशीत उमटले होते. म्हणजे औषध चांगलं होतं. फिल्मला उजेडच मिळाला नव्हता. त्याने खुंटीवरचा कॅमेरा खाली घेतला. खालच्या भिंगावर गुलाबी झाकण जिथल्या तिथे होतं.

कोकिळा दोरीपाशी चिमटे घेऊन उभी होती. त्याने ओली फिल्म तिच्या हातात दिली. तिने ती उन्हात धरली. पलीकडचं कडुलिंबाचं झाड आरपार दिसलं.

“याच्यात तं काईच नाई.”

त्याने झाकण दाखवलं. तिला सगळं कळायला थोडा वेळ लागला. मग तिने जे विचारलं ते त्याच्या जिव्हारी लागलं.

“एवढं गाव समोर होतं. झाकण हाय म्हनून तुमाले कोनीच कसं नाई सांगतलं?”

चंद्रभान पायरीवर बसला. बराच वेळ आठवून बघितलं. आंजीला एवढा वेळ होता, आपल्याच गावात, लहानपणापासूनची माणसं सगळी. त्यात आपण कुणाशी काय बोललो? पाणी मागितलं होतं एकदा. तेवढंच.

“कोनाशी बोललोच नाई मी,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, “बबनले सांग, मी येऊन राह्यलो म्हनून. याच हप्त्यात येतो.”

कोकिळा फिल्म गुंडाळत म्हणाली, “नोकरी धरा, नाई धरा. पहिले आंजीले जाऊन या. लोकाच्या तोंडून त्याईले समजलं नाई पाह्यजे.”

हिंगणघाटला गाडी बदला, वर्ध्याला बदला, असं करत तो आंजीला उतरला तेव्हा ऊन कलत आलं होतं. मांडव अजून उतरला नव्हता, आंब्याची पानं वाळून खुळखुळत होती. पुंडलिकराव अंगणात दोर वळत बसले होते. त्यांना वाटलं फोटो घेऊन आला, म्हणून त्यांनी आतून सगळ्यांना हाका मारल्या. घरचे जमले. त्या सगळ्यांसमोर चंद्रभानला सांगावं लागलं. त्याने काही लपवलं नाही. झाकण खिशातून काढून सतरंजीवर ठेवलं.

पुंडलिकरावांचा दोर वळणारा हात थांबला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले की पोरगी तर गेली आता, आणि परत दोर वळायला लागले. पीळ मात्र उलटा बसत होता.

तेवढ्यात त्यांची आई रुख्माबाई पुढे आली. सुपात लग्नातले उरलेले, काडीवर वळून वाळवलेले रव्याचे सरगुंडे होते. तिने सूप खाली ठेवलं, झाकण उचलून बघितलं आणि म्हणाली, “हेच होतं. मले दिसत होतं ना.”

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

“काय दिसत होतं वं माय?” पुंडलिकराव म्हणाले.

“हे झाकन. मी समोरच तं बसली होती खुर्चीवर. मले वाटलं, लग्नाचं हाय म्हनून याने गुलाबी लावलं.”

“मंग सांगतलं काऊन नाई?”

“कोनाले सांगू? हा मान खाली घालून होता. एकडाव जरी माह्याकडे पाह्यलं असतं, तं इचारलं असतं, का बाप्पा, हे काय लावून राह्यला म्हनून.”

आधी आतून कुणीतरी बाई फिसकन हसली. मग थोरल्या सुनेने सांगितलं की तिलाही दिसलं होतं, तिला वाटलं फ्लॅशचा काहीतरी भाग असेल. मग निघता निघता असं निघालं की ते निम्म्या खानदानाला दिसलं होतं, आणि प्रत्येकाने आपल्यापुरता त्याचा अर्थ लावून घेतला होता. पुंडलिकरावांचा दोर हातातून सुटला. ते हसता हसता खोकायला लागले. चंद्रभानच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोही हसत होता.

रुख्माबाईने मार्ग काढला. परवा नलू मांडवपरतणीला माहेरी येते आहे, जावईही येतोय, तेव्हा फोटो काढ. चंद्रभानने विचारलं, शालू, मुंडावळ्या? म्हातारीने साफ नाही म्हटलं. मुंडावळ्या एकदा सोडल्या की सोडल्या. पोरगी जशी असेल तशी काढ.

ठरल्या दिवशी चंद्रभान कॅमेरा घेऊन परत आला आणि तिथे त्याची पंचाईत झाली. तळं नाही, हंस नाही, खुर्ची नाही, हार नाही. ठरलेल्या जागी उभं करायला काहीच नाही. कॅमेरा उघडायच्या आधी तो पुष्कळ वेळ नुसता ओट्यावर बसून राहिला आणि त्या घराकडे बघत राहिला. किती दिवसांनी तो असा कामाशिवाय बसला होता. मग त्याने झाकण काढून कोकिळेने दिलेल्या पिशवीत टाकलं, मान खाली घालून फोकस लावला, आणि मान वर केली.

रुख्माबाई नलूचे केस विंचरत होती. नलू सासरच्या गोष्टी सांगत होती. सासू घोरते, आणि सकाळी उठून म्हणते, मला झोपच लागली नाही. म्हातारीच्या हातातली फणी केसांत अडकून राहिली आणि दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. बटण दाबलं गेलं. जावई पंगतीला बसला, तर त्याच्या बोटांतून सरगुंडा निसटून वाटीत पडला आणि मेहुण्या टपून होत्याच. बटण दाबलं गेलं. चंद्रभान मधेच जावयाला विचारी, तुमच्याकडे विहीर गोड की खारी? नलूला विचारी, घोरते ते कोणत्या सुरात? कुणीही कॅमेऱ्यासमोर बसलेलं नव्हतं आणि कॅमेरा मात्र सगळ्यांच्या मधे होता.

त्या रोलला बारा फोटो निघत. अकरा झाले तेव्हा त्याला दाराआड पुंडलिकराव दिसले. आत यायचं सोडून ते कवाडाला टेकून उभे होते, हातात बैलाची घुंगरमाळ होती, आणि आतून येणारा मुलीचा आवाज ते नुसता ऐकत होते. त्यांना कुणी बघतंय हे ठाऊक नव्हतं. चंद्रभानने फोकस लावला, मान वर केली, आणि या एका वेळी काही न बोलता बटण दाबलं. हा फोटो लग्नाच्या संचात जाणार नाही हे त्याला तेव्हाच कळलं. हा आपला.

दोरीवर ते फोटो वाळत असताना कोकिळा एकेकापाशी थांबत गेली. बाराव्यापाशी तिचा पाय जास्त रेंगाळला. बबनराव मेहुण्याला न्यायला आला तेव्हा तिनेच त्याला पिठलं-भाकर वाढली आणि सांगितलं की ते काही येत नाहीत. बबनराव पक्का थट्टेखोर. म्हणाला, “इचार करा भाऊजी. जिनिंगमधी झाकन काढाचं काम नसते.” चंद्रभान म्हणाला, म्हणूनच नको.

पण गोष्ट इथेच सुरळीत झाली असं नाही. नलूचे फोटो आंजीहून पाहुण्यारावळ्यांत फिरले, आणि पुढच्या सराईत जो तो येऊन म्हणायला लागला, पुंडलिकरावच्या नलूसारखा काढा. आजीला फणी घेऊन बसवा, नवरीला हसवा. चंद्रभाननेही दोन-चार लग्नांत आजीला फणी देऊन बसवलं. दोरीवर ते फोटो लागले तेव्हा कोकिळा म्हणाली की या आज्याही आता बहिणी बहिणी दिसताहेत. तो चमकला. पडद्यावरचं तळं काय आणि आजीच्या हातातली फणी काय, वरचेवर वापरली की सारखीच.

तेव्हापासून त्याने दोन गोष्टी ठरवल्या. एका दिवशी एकच लग्न. दुसरं आलं तर हिंगणघाटच्या स्टुडिओचा पत्ता हसतमुखाने द्यायचा. आणि प्रत्येक रोलमधला बारावा फोटो गिऱ्हाइकाचा नाही, आपला. त्यात काय यावं याला नियम नव्हता. कधी मांडवाच्या खांबाला टेकून झोपलेला वाजंत्रीवाला आला, कधी शिळ्या अक्षता टिपणारी कोंबडी, कधी एस.टी.च्या टपावर बांधलेलं नवरीचं कपाट. एकदा गिरडच्या वाटेवर गोमाजी नावाचा गोंड म्हातारा मोहाच्या झाडाखाली भेटला. त्याने स्वतःचा नाही, झाडाचाच फोटो काढायला लावला, आणि झाड सगळं आलं पाहिजे म्हणून चंद्रभानला मागे मागे नेत नाल्यात उतरवलं. हे फोटो अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर लागत गेले. लाल दिव्यात ते सगळे एका गावचे वाटायचे.

बाजाराच्या दिवशी तो कॅमेरा दुकानातच ठेवून नुसता हिंडायला जाऊ लागला, तेव्हा दुकान कोकिळा बघायची. अर्जाचे फोटो काढायला ती आधीच शिकली होती. बायका तिच्यासमोर पदर सारखा न करता बसायच्या, त्यामुळे तिचे फोटो बरे यायचे. पाटीवरच्या नावाची थट्टा आपोआप बंद झाली.

पुंडलिकराव एकदा दवाखान्याच्या कामाने समुद्रपूरकडे आले तेव्हा दुकानात डोकावले. आतल्या भिंतीवर स्वतःलाच कवाडाला टेकलेलं बघून ते थबकले. पुष्कळ वेळ बघत राहिले.

“हा कोन बुढा हाय बे?” त्यांनी विचारलं.

“हाय एक आमच्या गावचा.”

“राहू दे इथंच. घरी नको आनू,” असं म्हणून त्यांनी टोपी सारखी केली आणि चहा मागितला.

पंच्याऐंशीनंतर रंगीत फोटो आले. चंद्रभानने एकाच भिंगाचा नवा कॅमेरा घेतला. त्यात ज्या डोळ्याने बघायचं त्याच डोळ्याने फोटो निघतो. झाकण राहिलं तर समोर काळोखच दिसतो. चूक व्हायची सोयच उरली नाही. तरी एक सवय त्याने सोडली नाही. आंजीची गोष्ट तालुकाभर झालीच होती, लोक फोटोला बसताना डोळे मिचकावून विचारायचे, झाकण काढलं का? शेवटी तोच आधी विचारायला लागला. सगळं जुळवून झालं की मान वर करून म्हणायचा, “पाहा बरं, झाकन तं नाई ना राह्यलं?” माणूस खरंच वाकून बघायचा, मग हसायचा, आणि फोटो निघायचा. वासुदेवरावांना हे आवडलं असतं.

शहाऐंशीच्या दिवाळीत नलू माहेरपणाला आली होती, ती मुद्दाम मुलीला घेऊन समुद्रपूरला आली. चार-पाच वर्षांची पोर, दोन वेण्या, डोळे आजोबांसारखे. त्या दिवशी कॅमेऱ्यामागे कोकिळा होती. पोर काही केल्या हसेना, तळ्यातल्या बदकासारख्या हंसाकडेच बघत बसली. चंद्रभान बाजूला उभा होता. त्याने नेहमीचं विचारलं, “पाहा बरं बाई, झाकन तं नाई ना?”

पोरीने टक लावून कॅमेऱ्याकडे बघितलं आणि गंभीरपणे सांगितलं, “हाय.”

सगळं ठाऊक असून चंद्रभान दोन ढांगांत पुढे आला आणि भिंगासमोर वाकला. भिंग उघडं होतं. मागे पोर टाळ्या पिटत खिदळायला लागली, नलू पदरात तोंड घालून हसायला लागली, आणि तो वळून त्यांच्याकडे बघतो न बघतो तोच कोकिळेने बटण दाबलं.

हजारो फोटो काढणाऱ्या चंद्रभानचा स्वतःचा म्हणावा असा फोटो तो एवढाच. वाकलेला, तोंड उघडं, एक वेणी त्याच्या खांद्यावर उडालेली, मागे तळं. तो अंधाऱ्या खोलीत लावायचा त्याचा विचार होता. कोकिळेने ऐकलं नाही. तो तिने बाहेर लावला, आरशाच्या वर, आणि गिऱ्हाईक केस विंचरताना विचारू लागलं की हा माणूस काय शोधतोय, तर ती पहिल्यापासून सांगायला बसायची. तोवर चंद्रभान फोकस लावून, मान वर करून, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत थांबलेला असायचा.